शेपटीतला बिबा

प्रकाशचं विमान मी पाडलं.

रिमोट त्याच्या हातात होता, विमान त्यानंच बांधलं होतं, आणि चूक आपलीच म्हणून चारचौघांत मान खाली घातली तीही त्यानंच. तरी पाडलं ते मी. एवढं साधं वाक्य तोंडातून बाहेर पडायला कितीतरी हंगाम जावे लागले. वर्षं न म्हणता हंगाम म्हणतो, कारण आमच्या भागात काळ मोजायची रीत तीच आहे. दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच कारखान्यांची धुराडी पेटतात, आणि पुढं उन्हं तापेपर्यंत सगळा जिल्हा उसाच्या मागं धावत असतो.

यंदाही धुराडी पेटली. परवा सकाळी शाळेला निघालो, तर रंकाळ्याच्या कडेनं एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चाललेला. कर्ण्यावर गाणं इतकं मोठं, की त्या ड्रायव्हरला स्वतःचं इंजिन बंद पडलेलंही कळलं नसतं. वळणावर ट्रॉली कलली आणि काही ऊस रस्त्यावर सांडले. मागच्या मोटारसायकलवाल्यानं गाडी न थांबवता, नुसतं वाकून, त्यातला एक उचलला आणि मांडीखाली दाबून निघून गेला. मला हसू आलं. मग तो वास आला. तुटलेल्या उसाचा, ओल्या वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याचा, जरासा गोड, जरासा आंबूस. त्या वासाबरोबर दरवर्षी माझ्या उजव्या हाताची मूठ आपोआप आवळते. त्या मुठीत मी एकदा एक वस्तू लपवली होती.

प्रकाश आणि मी अकरावीपासूनचे सोबती. तो इंजिनिअर झाला आणि वारणानगरला साखर कारखान्यात लागला. वाफेचा दाब, रसाचा प्रवाह, बॉयलरचं तापमान मोजणारी जी काही यंत्रं असतात ती सगळी त्याच्या ताब्यात. मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो आणि शाळेत चित्रकला शिकवतो. म्हणून तो मला मास्तर म्हणतो. मोठ्या आवाजात बोलणारा, मोठ्यानं हसणारा, आणि आपल्याला काय येतं हे लपवायची अजिबात सवय नसलेला माणूस. त्याचं हेच मला आवडायचं. आपण काहीतरी चांगलं केलं तर लगेच मान वाकवून 'कसलं काय' म्हणणाऱ्यांतला मी. तो सरळ सांगायचा, 'झ्याक झालंय का न्हाय? बघ की.' आणि खरोखरच झ्याक झालेलं असायचं.

हंगामात कारखाना थांबत नाही, त्यामुळं प्रकाशच्या सुट्टीचा वार दरवर्षी वेगळा. त्या हंगामात तो रविवारी आला. त्यामुळं एक अख्खा हिवाळा आमचे रविवार जुळले, आणि त्या हिवाळ्याची सकाळ न सकाळ माझ्या अंगात अजून मुरलेली आहे. पहाटेची थंडी, वारणेवरून उठणारं धुकं, मळीचा उग्र दर्प, कारखान्याच्या कॉलनीतल्या गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या स्वेटरांवर बसलेली धुराड्याची बारीक काजळी. स्कूटरवरून तिथं पोचेस्तोवर माझी बोटं गारठून जात. सुजातावहिनी, म्हणजे प्रकाशची बायको, आधी चहाचा कप हातात देत. प्यायला नव्हे, धरायला.

रिमोटवर उडणारं विमान दोन तऱ्हांनी मिळतं. एक तयार, खोक्यातून काढा आणि उडवा. दुसरं म्हणजे किट. त्यात बाल्सा नावाच्या पिसासारख्या हलक्या लाकडाच्या फळ्या असतात, फासळ्यांसारखे कापलेले तुकडे असतात आणि घडी घातलेला एक लांबलचक नकाशा असतो. प्रकाशनं किट मागवलं होतं. पंख खाली जोडलेलं, थोड्याफार कसरती करणारं विमान. त्यानं नकाशा फरशीवर अंथरला, चारी कोपऱ्यांवर वहिनींचे डाळीचे डबे ठेवले आणि पालथा पडून बराच वेळ वाचत राहिला. आपल्या मुलाची पत्रिका बघावी तसं. मग उठून बसला.

"विमान भलं हाय, मास्तर. पण भित्रं हाय."

मला काही कळेना. त्यानं समजावून सांगितलं. हे विमान आखणाऱ्यानं नवखा माणूस डोळ्यासमोर धरला होता. पंख दोन्ही बाजूंनी वर उचललेले, म्हणजे कलंडलं तरी आपोआप सरळ व्हावं. विमान वळवणाऱ्या, पंखांच्या कडेच्या हलत्या पट्ट्या लहान, म्हणजे हात चुकला तरी विमान फार ऐकू नये. आणि नाकात भरपूर शिसं, म्हणजे पुढचा भाग जड राहून ते सरळसोट चालत राहावं, बैलगाडीसारखं. हा माणूस आपल्याला पडू देणार नाही, पण उडूही देणार नाही, असं प्रकाशचं म्हणणं पडलं. आणि त्या दिवसापासून त्यानं त्या विमानातली भीती काढायला घेतली.

ते काढणं मी जवळून पाहिलं. चित्रकलेचा मास्तर असूनही रेषा कशी कमी करत न्यावी हे मला त्याच्या घराच्या गॅलरीत कळलं. पहिल्यांदा त्यानं शेपूट हलकं केलं. शेपटीच्या प्रत्येक फासळीत पातळ ब्लेडनं गोल भोकं पाडली, भोकांमध्ये लाकूड एवढंच ठेवलं की हात लावायला भीती वाटावी. इथलं चिमूटभर वजन गेलं की नाकातलं मूठभर जातं, असा त्याचा हिशेब; तराजूची लांब दांडी असते ना, तसंच. मग त्यानं पंखांचा कोन मोडून ते जवळजवळ सपाट केले आणि आतून कार्बनची काडी घातली. मागच्या कडेच्या पट्ट्या रुंद केल्या. पट्टी आणि पंख यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते, ती पातळ पारदर्शक टेपनं बुजवली. एवढ्याशा फटीनं काय होतंय, असं मी म्हणालो असेन. त्यावर तो कारखान्यातल्या आवाजात म्हणाला, वाफ असू दे नाहीतर हवा, गळती ती गळतीच. पंखाची पुढची कड तो पॉलिश पेपरनं घासायचा आणि डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवायचा. डोळे उघडे असले की माणूस आपली चूक माफ करतो, असं त्याचं म्हणणं.

माझं काम कातडं चढवायचं. लाकडाच्या सांगाड्यावर रंगीत फिल्म ताणून बसवायची आणि इस्त्रीनं गरम करून चिकटवायची. इस्त्री अर्थातच वहिनींची. त्या तिथल्याच शाळेत शिकवायच्या. रोज सकाळी साडीला इस्त्री लागायची आणि इस्त्रीला फिल्मचा डिंक लागलेला असायचा. एकदा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, भाऊजी, वर्गात पोरी विचारतात बाई तुमच्या साडीला लाल ठिपके कसले, आता मी काय विमानाचं नाव सांगू? प्रकाश आतून ओरडला, सांग की, नवरा पायलट हाय म्हणून. लाल अंग, पिवळे पंख. रंग मी निवडले होते. आभाळात लांबून दिसावेत म्हणून, असं मी सांगायचो. खरं म्हणजे मला त्या विमानाचा मोह पडला होता.

मग आलं तोलाचं काम, आणि सगळ्या हंगामाचा जीव त्यात होता. पंखाखाली दोन टिंबं काढलेली असतात. त्या टिंबांवर दोन बोटांची टोकं ठेवून विमान उचललं की ते सपाट राहिलं पाहिजे. नाक खाली गेलं तर पुढचा भाग जड, शेपूट खाली गेलं तर मागचा. पहिल्या रविवारी प्रकाशनं नकाशात दाखवलेल्या जागीच तोल ठेवला. मग दर रविवारी नाकातलं थोडं शिसं कमी करायचं, टिंबं थोडी मागं सरकवायची, उडवून बघायचं, घरी येऊन गणित करायचं. शिसं जसं जसं निघत गेलं तसं तसं ते विमान जागं होत गेलं. आधी हाक मारल्यावर वळून बघणारं, मग नजरेच्या इशाऱ्यावर वळणारं. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा टिंबं मूळ जागेपासून बोटाच्या पेरभर मागं आली होती. प्रकाशनं विमान दोन बोटांवर उचललं. ते हललं नाही. त्यानं मला जवळ बोलावलं आणि एरवीपेक्षा हळू आवाजात म्हणाला, "ह्येच्या म्हागं आता दोऱ्याएवढीबी जागा न्हाय. तोल आणखी म्हागं गेला की विमान हातात ऱ्हात न्हाय." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कडेवर उभं राहून खालचा मुलूख बघणाऱ्याचा आनंद होता.

आम्ही उडवायचो ते कॉलनीपासून थोडं लांब, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या माळावर. उचगावच्या अंगाला मोकळी रानं मला जवळ पडली असती. पण तिकडं विमानतळ, आणि खरी विमानं उतरतात तिथं आपली चैन नको, हे प्रकाशनं आधीच सांगून टाकलं होतं. माळाच्या तिन्ही बाजूंना ऊस उभा. धुराड्याचा धूर सरळ वर जाताना दिसला की वारा नाही असं समजायचं आणि निघायचं.

शिसं काढून टाकल्यानंतरची ती सकाळ. विमान जमिनीवरून सुटलं ते कळलंच नाही. चाकांचा आवाज थांबला तेव्हा समजलं की ते वर आहे. प्रकाशनं त्याला लांब नेलं, उसाच्या तुऱ्यांवरून वळवलं आणि आमच्या समोरून सरळ आणलं. येता येता ते स्वतःभोवती फिरलं, एकदा, दोनदा, जणू कुणी सुईत ओवून फिरवावं तसं, रेषा न सोडता. मग उभं वर गेलं, इतकं वर की पिवळे पंख उन्हात दिसेनासे झाले, आणि तिथं क्षणभर थांबलं. मी आयुष्यात पुष्कळ सरळ रेषा काढल्या. तशी एकही काढली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि प्रकाशला ते दिसू नये म्हणून मी आभाळाकडंच बघत राहिलो. त्या क्षणी मला त्याचा हेवा वाटला नाही, हे मी शपथेवर सांगतो. एखाद्या माणसाचे हात असे असू शकतात आणि तो माणूस आपल्याला मास्तर म्हणतो, याचा मला अभिमान वाटला.

बांधावरून ऊसतोडीच्या बाया चालल्या होत्या, कोयते हातात, मोळ्यांना बांधायची वाढी खांद्यावर. त्या थांबल्या. त्यांतली एक वयस्कर बाई विमान उतरेपर्यंत बघत राहिली, मग पुढं आली आणि दोन्ही हात कानशिलांना लावून तिनं कडाकडा बोटं मोडली. लई देखणं हाय, म्हणाली, दिष्ट काढून टाका बाबांनो. प्रकाश हसत म्हणाला, मावशी, ह्याला दिष्ट न्हाय लागत, ह्याला बॅटरी लागती. सगळ्या बाया हसल्या. ती बाईही हसली.

मी हसलो नाही. मी शनिवारी स्कूटरला लिंबू-मिरची बांधणारा माणूस. चांगलं काही घडलं की मला पहिल्यांदा त्याची काळजी लागते. पोरगी बोर्डात चांगल्या गुणांनी पास झाली तेव्हा पेढे वाटायच्या आधी मी मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या होत्या. कौतुक फार झालं की ते ऊन लागल्यासारखं वस्तूला लागतं, हे माझ्या हाडात आहे. आणि त्या विमानाचं सगळ्यांत जास्त कौतुक कुणाला होतं? मलाच. म्हणजे कुणाची दृष्ट लागणार होती?

उजव्या पंखाच्या टोकाला फिल्मला सुरकुती पडली होती. ती ताणून देतो म्हणून विमान मी आठवड्यासाठी घरी आणलं. शनिवारी पेठेतल्या कोपऱ्यावर दुकानांच्या दारांना बांधायचे ते गंडे विकायला असतात: काळा दोरा, त्यात ओवलेला बिबा आणि घोड्याच्या नालेचा तुकडा. मी एक घेतला. शेपटीखाली तार आत जाते तिथं दोन बोटं जेमतेम जातील एवढी फट होती. तिच्यातून तो गंडा आत सरकवला, कापसात गुंडाळून डिंकानं चिकटवला. आणि विमानाला हात जोडले.

प्रकाशला सांगायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. तो बौद्ध. त्याच्या घरात बुद्धाची तसबीर, पुस्तकांनी भरलेलं कपाट आणि भिंतीवर कारखान्याचं कॅलेंडर. गंडा, अंगारा, लिंबू असलं काही औषधालासुद्धा नाही. तो नको म्हणणार हे मला पक्कं माहीत होतं. पण त्याला कळणारच नाही, मग बिघडलं काय? त्याचं गणित त्याच्याजवळ राहील, माझा बिबा माझ्याजवळ. अशी मी मनाची समजूत घातली. कुणाच्या विमानात काय ठेवतो आहे, याचा विचार केला नाही.

त्या रविवारी सांगलीहून त्याच्या ओळखीचे काही विमान उडवणारे मुद्दाम बघायला आले होते. प्रकाश रंगात होता. पंख जोडले, बॅटरी बसवली, पट्ट्या हलवून बघितल्या. आणि नेहमीसारखी दोन्ही हातांची बोटं पुढं करून तो विमान तोलायला वाकला. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. बोटांवर घेताच शेपूट खाली जाणार. तो विचारणार. सगळ्या पाहुण्यांसमोर फटीतून काळा दोरा बाहेर येणार.

"मी घरी तोललंय," मी म्हणालो. "बराबर हाय."

तो थांबला. माझ्याकडं बघितलं. मग हात मागं घेऊन म्हणाला, "मास्तरनं बघितलंय म्हंजे झालं."

मी आजवर पुष्कळ खोटं बोललो असेन. पण दुसऱ्याचा पुढं आलेला हात मागं घेववणारं खोटं ते एकच.

विमान गरजेपेक्षा लवकर सुटलं. नाक वर, आणखी वर. प्रकाशचा अंगठा पुढं ढकलताना मला दिसला. त्यानं ते कसंबसं सावरलं, सरळ केलं, माझ्याकडं न बघता 'काय तरी वेगळं हाय' असं पुटपुटला. परत आणायला त्यानं वळवलं. त्या वळणात ते एकाएकी उलटलं, आणि मग गोल गोल फिरत, सुकलेलं पान पडावं तसं, उसात गेलं. आवाज फार झाला नाही. उसानं तो गिळून टाकला.

मी सगळ्यांच्या आधी धावलो. उसाची पानं करवतीसारखी असतात; हात, गाल, मान ओरबाडून निघाली. विमान दोन सऱ्यांमध्ये पडलं होतं, नाक मातीत आणि शेपूट तुटून बाजूला. तुटलेल्या तोंडातून काळा दोरा लोंबत होता. मागून प्रकाश हाक मारत येत होता, सापडलं का रे, सापडलं का. मी दोरा ओढला, मुठीत घेतला, मूठ खिशात घातली आणि मग ओ दिली. तो आला. खाली बसला. तुकडे उचलून पंखांवर रचू लागला, हळूहळू, कुणी झोपलेलं उठू नये अशा बेतानं. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला की तोल फारच मागं नेला होता तुम्ही, एवढी हाव बरी नव्हे. प्रकाशनं मान हलवली.

"व्हय," तो म्हणाला. "हाव नडली. माझं गणित चुकलं."

माझी मूठ खिशात होती. ती मी उघडली नाही.

तो गंडा मी त्याच दिवशी परतताना पंचगंगेच्या पुलावरून खाली टाकला. बुडाला असेल. पण ते वाक्य वर राहिलं. पुढं कितीतरी वेळा मी ते ऐकलं. कुणी विमानाचं विचारलं की प्रकाश हसून सांगायचा, हाव नडली. उरलेलं बाल्सा त्यानं माझ्या शाळेला देऊन टाकलं, पोरांच्या हस्तकलेला. तो हंगाम संपला, दुसरा आला; त्यानं नवं किट मागवलं नाही. त्याची बोटं रिकामी दिसायची. मोठ्यानं बोलणं कमी झालं नाही, पण 'झ्याक झालंय का न्हाय, बघ की' हे पुन्हा त्याच्या तोंडून ऐकलं नाही. आणि मी काय केलं? जात राहिलो. हुरडा खाल्ला, लग्नांना गेलो, मुलांच्या नोकऱ्यांवर बोललो. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर ती एक चूक ठरली असती. वर्षानंतर ती लबाडी झाली. पुढं पुढं तर मला वाटू लागलं की आता सांगणं म्हणजे आपलं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवणं. हा युक्तिवाद किती सोयीचा होता हे मला तेव्हाही कळत होतं.

कधी कधी स्वतःला पटवायचो की ते विमान तसंही पडलं असतं. मग एकदा शाळेच्या फळ्यावर, वर्ग सुटल्यावर, मी त्या विमानाची आकृती काढली. शेपटीत तोळाभर लोखंड टाकलं की तोल किती मागं जातो, हे प्रकाशनंच शिकवलेल्या रीतीनं मांडून बघितलं. उत्तर आलं. मी फळा पुसला, तरी ते खडूखाली दिसत राहिलं.

यंदा हंगाम सुरू होता होता सुजातावहिनी कोल्हापुरात खरेदीला आल्या आणि आमच्याकडं टेकल्या. बोलता बोलता म्हणाल्या, बॉयलरवरच्या सगळ्या मोजमापाची नवी मांडणी करायची आहे कारखान्यात. आराखडा ह्यांनीच काढलाय, वरिष्ठांना पसंत पडला, तुम्हीच पुढं होऊन करा म्हणाले. आणि ह्यांनी नाही म्हणून सांगितलं. का, तर माझ्या गणितावर बॉयलर नको, एकदा बघितलंय. वहिनी कप ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, निवृत्तीच्या आधी एवढं एक त्यांच्या हातनं व्हावं असं मला वाटतं. तुमचं ऐकतात ते. तुम्ही सांगून बघा."

मी बरं म्हणालो. त्या गेल्यावर कप विसळायला घेतला. एका सकाळच्या खोट्यानं माणूस इतक्या लांबवर अडतो, हे मला ठाऊक नव्हतं. विमान पडल्याचं दुःख मी इतकी वर्षं बाळगलं होतं. त्याचे हात मी पाडले आहेत, हे मला तेव्हा कळलं.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी गेलो. यंदा सुट्टी बुधवारी आहे. शाळेत रजा टाकली. प्रकाश गॅलरीत चटईवर बसून हरभऱ्याचे डहाळे सोलत होता. मूठभर माझ्यासमोर टाकले. मी हात लावला नाही. रस्ताभर जुळवलेली प्रस्तावना विसरलो आणि सरळ सुरुवातीपासून सांगितलं: बोटं मोडणारी बाई, शनिवारचा कोपरा, काळा दोरा, तोललंय म्हणून सांगितलेलं खोटं, उसातली मूठ, पूल. तो एका घाट्यावर नख लावून थांबला होता.

"किती वजन हुतं?" त्यानं विचारलं.

तोळाभर, मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटले. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. ओठ हलत होते. मग तो उठला, कठड्याशी गेला, आणि तिथून आत हाक मारली, "सुजाता. गणित बराबर हुतं." वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या. तो पुन्हा म्हणाला, स्वतःशीच, "बराबर हुतं की माझं गणित." आणि कठड्यावर दोन्ही हात ठेवून त्या हातांकडंच बघत राहिला.

मला वाटलं, संपलं. मला हलकं वाटायलाही लागलं होतं. तेवढ्यात तो वळला.

"पण मला इचारलं का न्हाईस?"

तू नको म्हणाला असतास, मी म्हणालो.

"व्हय. नको म्हणालो असतो." तो माझ्यासमोर येऊन बसला. रागावला नव्हता, रागावला असता तर बरं झालं असतं. मग त्यानं मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्याच्या आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा घरातल्या सगळ्या पोरांना ओळीनं उभं केलं आणि एकेकाच्या गळ्यातला, दंडातला दोरा कात्रीनं कापला. आजी रडत होती. एखाद्या पोराला काही झालं म्हणजे, या भीतीनं. आजोबाही आतून भ्यालेले होते. ते म्हणाले, भ्यायचं तर उघड्या अंगानं भ्यायचं. "तवापासनं आमच्यात दोरा फकस्त शिवायला, मास्तर," प्रकाश म्हणाला. "विमान काय, पडायचंच. ते पडू दे. पण तू माझ्या वस्तूला माझ्याम्हागं दोरा बांधलास. आणि मी बोटं पुढं केली, तर ती म्हागं घ्यायला लावलीस."

माझ्याजवळ सांगायला पुष्कळ होतं. मी ते कौतुकापोटी केलं होतं, जीव लावून केलं होतं, वाईट चिंतून नव्हे. ते सगळं खरंही होतं. पण त्याच्यासमोर बसल्यावर दिसलं की त्यातलं एकही वाक्य त्याच्यासाठी नव्हतं. सगळी माझ्यासाठीच होती. वहिनी दारातच उभ्या होत्या. बरं झालं, असं वाटलं; त्यानं चूक कबूल केली तेव्हाही माणसं उभी होती.

"प्रकाश," मी म्हणालो, "तू नको म्हणशील हे मला ठाऊक हुतं, म्हणूनच इचारलं न्हाई. भ्यालो मी, आणि ती भीती तुझ्या विमानात ठेवली. तुला खोटं सांगितलं. तुझं गणित चुकलं असं सगळी म्हणाली, तू सोता म्हणालास, तवा मी तुझ्या शेजारी हुतो आणि गप बसलो. सांगलीच्या लोकांना मी फोन करून सांगणार हाय, कुणाचं चुकलं ते. पण ते नंतर. आधी तुला सांगतो, वहिनींच्या समोर. तुझं काही चुकलं न्हवतं. माझं चुकलं. मला माफ कर."